तुम्ही विचारलंत म्हणून : मेस्त्रीपुढे न दिसणारा बिघाड

"रात्री चोर्ला घाटात लाइट गेले, खड्ड्यात आपटल्यावर परत आले. म्हापशाला मेस्त्रीकडे नेली तर सगळं व्यवस्थित. आता शोधायचं कुठे?" पद्मिनी नाहीतर ॲम्बॅसिडरसारख्या जुन्या गाड्या बाळगणारे मला हे सतत विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वही काढा. असा बिघाड लहरीवर येत नाही, परिस्थिती जुळली की येतो. गाडी तापल्यावर आला की पावसात? वळणावर की ब्रेक दाबल्यावर? इंजिन तापून बंद पडतं आणि थोडं निवलं की लगेच चालू होतं, तर मी आधी इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडणारे भाग, बघतो. ब्रेक दाबल्यावर एका बाजूचा इंडिकेटर मिणमिणायला लागला, तर बल्ब बदलत बसू नका, त्या बाजूच्या मागच्या लाइटचा अर्थ (earth, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी) गेलाय. करंटला बॉडीत उतरायला जागा मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

गोव्यात माझा पहिला संशय अर्थवरच असतो. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, म्हणजे सगळ्यात नव्या गाडीचं मूळ वायरिंगही पाव शतक जुनं. त्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. वायर बाहेरून ठणठणीत दिसते, थिंबलजवळ (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपणाजवळ) सोलून बघावी तर आतलं तांबं हिरवं-काळं झालेलं. शिवाय आपल्याकडे गंजामुळे डेंटिंग-पेंटिंग वरचेवर होतं आणि रंगारी अर्थच्या जागेवरही रंग मारतो. बोल्ट घट्ट बसलेला असतो, पण रंगावर. तो सोडवा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट परत आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. इंजिन आणि बॉडीमधली जाळीदार पट्टीही तपासा. ती तुटली असेल तर स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागते, कारण स्टार्टरचा करंट तिच्यातून परततो.

मल्टिमीटरची बीप ऐकून वायर चांगली आहे असं ठरवणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. बीपच्या वेळी वायरमधून नाममात्र करंट जातो, त्याला एक शाबूत तारही पुरते. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, तिथे ती तार कमी पडते. म्हणून लाइट लावलेले ठेवूनच मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी हेडलाइटच्या अर्थ वायरवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. मीटर लावलेला असतानाच वायरी एकेक करून हलवा. ज्या जागी आकडा उडी मारेल तिथेच बिघाड.

जुने निमुळत्या टोकांचे फ्यूज बोटाने फिरवल्यावर लाइट आले, तर ती दुरुस्ती नव्हे. क्लिपा साफ करा, ढिल्या असतील तर दाबून घ्या. मोठ्या अँपिअरचा फ्यूज मात्र कधीच नको, वायर जळते.

एवढं करूनही सापडलं नाही तर बिघाड चालू गाडीत पकडावा लागतो. हेडलाइटला जिथे करंट येतो त्या टर्मिनलवरून फ्यूज लावलेली एक लांब वायर आत आणा, दुसरी बॅटरीच्या मायनसवरून आणा आणि दोन्हींना एक छोटा बल्ब जोडून तो डॅशबोर्डखाली बसवा. शेजारी कुणाला तरी बसवून त्याच खड्ड्यांच्या रस्त्याने जा. हेडलाइट गेले आणि आतला बल्बही गेला, तर दोष हेडलाइटच्या आधी कुठेतरी आहे: स्विच, डिपर (लाइट वर-खाली करायचा स्विच), फ्यूज. हेडलाइट गेले आणि बल्ब पेटलेलाच राहिला, तर करंट तिथपर्यंत पोचतोय, दोष होल्डरमध्ये नाहीतर अर्थमध्ये आहे. मग मेस्त्रीला तेवढाच भाग उघडायला सांगा, सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलू देऊ नका.