रात्रपाळी

कालपासून मन थाऱ्यावर नाही, आणि कारण इतकं फुटकळ की कोणाला सांगायची सोय नाही. अभयारण्याच्या माहिती केंद्रात कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे, नवे फोटो लावलेत. एकात आपली नेहमीची पायवाट, मी बसते तो दगड, आणि दगडाला नाक लावून हुंगणारं भेकर. कोपऱ्यात वेळ, पहाटेचे २:४१. शेजारी साळिंदर, पुढे उदमांजर. माझ्याच वाटेवर!

मी अत्तर लावत नाही, भडक कपडे घालत नाही, फोन बंद ठेवते. तरी मला आजवर दिसलं काय? माकडं. ती तर पार्किंगमध्येही दिसतात.

साळिंदर आणि उदमांजराचं सोडा, ती जन्माचीच निशाचर. त्यांनी माझ्यापायी काही बदललेलं नाही. पण भेकर दिवसाही चरतं की.

त्यात मधूने तो अभ्यास पाठवला. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला, सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरचा. माणसाचा वावर असला की त्यांचं रात्रीचं हिंडणं-फिरणं सरासरी १.३६ पट होतं. निम्मा दिवस-निम्मी रात्र वावरणाऱ्या प्राण्याचा ६८ टक्के वावर रात्रीचा होतो. इथवर ठीक. पुढे म्हटलंय की माणूस शिकारीला आलेला असो की नुसता भटकायला, परिणाम जवळपास तोच. म्हणजे बंदूकवाला आणि मी एकाच माळेचे मणी.

हे काही केल्या पचत नाहीये. इतकं जपून वागून पदरात हे? रात्री चरायचं म्हणजे बिबट्याच्या वेळेत चरायचं, तेही माझ्यामुळे? मधूवर उगाच चिडले. तो विषय वेगळाच आहे, असो.

डायनासोरांच्या काळात सस्तन प्राण्यांचे पूर्वज बहुधा रात्रीच बाहेर पडत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ती धुडं संपली आणि मग कुठे हे उन्हात यायला लागले. आता पुन्हा अंधारात. थोडक्यात, मी डायनासोर. माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकणाऱ्या घरच्यांना हे आधीच ठाऊक असावं.

यापुढे फाटक बंद होईपर्यंत रेंगाळायचं नाही असं ठरवलंय. मधू म्हणतो, तू एकटी निघून काय होणार, मागून सहलींच्या बसा आहेतच. असू देत. आपली पाळी संपली की निघायचं. ऑफिसात इतक्या वर्षांत हे जमलं नाही, इथे जमतंय का बघू.