टर्मिनलमध्ये पुणे दोन घरांत मावतं, किराणा मात्र सहा घरं खातो

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा एक छोटा फाईल मॅनेजर मी बरीच वर्षं वापरतोय, सी या भाषेत लिहिलेला, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), कोणीतरी हौसेने फावल्या वेळात सांभाळलेला. नाव मुद्दाम देत नाही, कारण असा कोड जगात ढिगाने पडलाय, एकट्याला कशाला धरायचं. डावीकडे फाईलचं नाव, मग साईज, मग तारीख. नावं इंग्रजी असली की सगळं सरळ रांगेत. पण माझ्या घरच्या फोल्डरमधली सगळी नावं मराठीत, किराणा यादी, वीजबिल, पुणे भाडेकरार वगैरे, आणि तिथे शिरलं की तारखांचा कॉलम प्यायल्यासारखा झिंगत चालायचा, वर काही नावांच्या शेवटी ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

असं काही दिसलं की लोक आधी फॉन्ट बदलत बसतात. उपयोग नाही. फॉन्ट वाईट असेल तर अक्षर वेडंवाकडं दिसेल, बाजूचा कॉलम कशाला सरकेल? टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, प्रत्येक अक्षराला ठरलेली घरं, आणि कॉलम सरकतोय म्हणजे घरं मोजण्यात कोणाचातरी हिशोब चुकतोय. कोणाचा ते मात्र आधी शोधायला हवं, कारण संशयित तीन असतात: प्रोग्रॅम स्वतः, मध्ये टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर तो, आणि सगळ्यात बाहेरचं टर्मिनल. हे न बघता थेट इश्शू (तक्रार) टाकला तर मेंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणारा, म्हणणार टर्मिनलचा दोष, टर्मिनलवाले म्हणणार लायब्ररीचा (प्रोग्रॅमने वापरलेल्या तयार कोडचा), आणि आपण टोलवाटोलवीत अडकणार.

यावर एक जुनी युक्ती आहे, ती मला जाम आवडते. सरळ टर्मिनललाच विचारायचं की बाबा, कर्सर आत्ता कुठे आहे? ओळीच्या सुरुवातीला शब्द छापायचा आणि लगेच मागोमाग एस्केप (Esc कीचा संकेत), चौकोनी कंस, ६एन (ESC [ 6n) एवढं पाठवायचं. टर्मिनल उलट उत्तर देतं, आधी ओळ नंबर आणि मग कॉलम नंबर. 'पुणे' छापून विचारलं तर कॉलम ३ आला, म्हणजे दोन घरं वापरली, बरोबर. 'किराणा' छापून विचारलं तर ७! म्हणजे सहा घरं, तीन अक्षरांच्या शब्दाला. मग दुसऱ्या एका टर्मिनलमध्ये हेच केलं तर तिथे ४ आला. एकच शब्द, एकच मशीन, आणि दोन वेगळे हिशोब. (टीमक्सच्या आत हे विचारलं तर उत्तर टीमक्स स्वतः देतो, बाहेरचं टर्मिनल नाही, म्हणून आत आणि बाहेर दोन्हीकडे करून बघा.)

हे का होतं ते मजेशीर आहे. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या मानकात उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं जागा न घेणारी म्हणून नोंदलीत, पण काना आणि दोन्ही वेलांट्या जागा घेणाऱ्या चिन्हांत. मार्कस कून यांनी लिहिलेलं रुंदी मोजायचं छोटं फंक्शन वर्षानुवर्षं कितीतरी प्रोग्रॅमांत कॉपी झालं, त्यात पहिल्या गटाला शून्य घरं आणि देवनागरीतल्या बाकीच्यांना एक. म्हणून 'पुणे'मधला उकार आणि मात्रा फुकटात बसतात, आणि 'किराणा'मधली वेलांटी आणि दोन काने प्रत्येकी एकेक घर अडवतात. काही नवीन लायब्रऱ्यांनी दुसऱ्या गटालाही शून्य धरायला सुरुवात केली, तिथे किराणा तीन घरांत आटोपतो. दोघांच्या भांडणात आपण पडू नये.

पण प्रश्नचिन्हाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तो प्रोग्रॅमचा स्वतःचा पराक्रम होता. प्रोग्रॅम स्क्रीनवर नक्की काय पाठवतो ते बघायला स्क्रिप्ट नावाची कमांड चालवून त्याच्या आत तो उघडला, बंद केला आणि जी फाईल तयार झाली ती हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अंकी सोळापायी आकड्यात) बघितली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइट, 'क' म्हणजे ई० ए४ ९५. 'किराणा यादी'मध्ये किराणाचे १८ बाइट, मग स्पेसचा एक बाइट, हेक्समधला २०, आणि त्यापुढे नुसता एकटा ई० आणि लगेच परत २०. 'य'चा पहिला बाइट घेतला आणि बाकीचे दोन कापले! सोर्समध्ये शोधलं तर प्रिंटएफला (सी मधलं छापायचं फंक्शन) नाव वीसची रुंदी आणि वीसचीच मर्यादा देऊन छापलेलं, आणि सी मधला प्रिंटएफ तिथे अक्षरं नाही तर बाइट मोजतो. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एकच बाइट, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला कळलंच नाही.

मग दुरुस्ती अशी: नाव एकेक चिन्ह करून वाचायचं, प्रत्येकाची रुंदी विचारायची, वीस घरं भरली की थांबायचं, पण थांबताना पुढची शून्य रुंदीची चिन्हं उचलूनच थांबायचं, नाहीतर उकार मागे राहतो. एवढं लिहिलं आणि तरी रुंदी उणे एक, म्हणजे 'हे चिन्ह छापता येत नाही', येत होती, अगदी साध्या 'क'ची पण. कारण मेन फंक्शनमध्ये सेटलोकेल (भाषा आणि अक्षरसंच ठरवणारं फंक्शन) कोणी कधी बोलावलंच नव्हतं, आणि ते बोलावल्याशिवाय सी लायब्ररीच्या लेखी जगात फक्त इंग्रजीच असते. एका ओळीचं काम. मधल्या वेळात डीबगचे (चूक शोधायचे) मेसेज वेगळ्या फाईलीत पाठवत होतो आणि दुसऱ्या खिडकीत ती वाहती बघत होतो, स्क्रीनवरच छापले असते तर सगळा चुथडा झाला असता.

राहिला तो झिंगणारा कॉलम. कोण काना मोजतो आणि कोण नाही याचा निकाल माझ्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या कोडमध्ये) लागणार नव्हता, म्हणून स्पेस भरून तारखेपर्यंत पोचायचं हेच काढून टाकलं. आधी ओळ पुसायची, नाव छापायचं, मग कर्सरला थेट सांगायचं की जा एकविसाव्या कॉलमला (एस्केप, चौकोनी कंस, २१जी), आणि तिथून साईज. आता टर्मिनल किराण्याला सहा घरं देवो की तीन, तारखा सरळच. मेंटेनरने टेस्ट मागितली, मी पुणे आणि किराणा दोन्ही टाकले, आणि पॅच आत गेला.

एक गोष्ट मात्र अजून राहिलीय. नाव लांब असलं तर 'महाराष्ट्र' कधीकधी 'महाराष्' असा पाय मोडून लटकतो, कारण जोडाक्षर एकत्र ठेवायचं हे रुंदीच्या फंक्शनला कळत नाही. जोडाक्षर तोडू नका असा नियम युनिकोडने १५.१ मध्ये, २०२३ साली आणला, पण तो वापरायचा तर नवी लायब्ररी जोडावी लागेल आणि मेंटेनरला एवढ्याशा प्रोग्रॅमला ते ओझं नकोय, त्याचंही खरंय. इश्शू उघडाच आहे. तोवर तुमच्याकडे कुठलं टर्मिनल आहे त्यात ती ६एनची युक्ती 'किराणा'वर करून बघा आणि आकडा कमेंटमध्ये टाका, कोण सात म्हणतं आणि कोण चार त्याची यादी मला करायचीच आहे.