नागपूर ते कन्याकुमारी, दिवस पहिला: निर्मलपर्यंतच

पहिल्याच दिवशी हैदराबाद गाठायचं की नाही, यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला होता. नागपूर ते हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर, रस्ता सलग चौपदरी. सकाळी निघालं की दिवेलागणीला पोहोचता येतं, हे बाबांचं म्हणणं खोटं नाही. तरी मी २८० किलोमीटरवरच्या, तेलंगणातल्या निर्मल गावी मुक्काम ठरवला. पुढे कन्याकुमारीपर्यंत एकटीनं जायचं होतं आणि एवढं सामान लादून मी ही मोटरसायकल याआधी कधीच चालवली नव्हती.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. उजाडता उजाडता वर्धा रोडला लागले. त्याआधी निघू नका. बुटीबोरी सोडलं की दोन्ही बाजूंना शेतं आहेत आणि अंधारात रोही रस्त्यावर येतात. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. एक रोही गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नका, मागून दुसरा येतोच. थंडीही चांगलीच लागते. जाकिटाच्या आत गरम कपडा घालूनच निघा, कारण तासाभरात बोटं आखडली की क्लच दाबताना कळतं.

हा राष्ट्रीय महामार्ग ४४. आमच्याकडे जुनी माणसं अजून त्याला ‘सात नंबर’च म्हणतात. नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या मोकळ्या पट्टीतून सरळ निघायचं. (मुंबई-पुण्याकडून नागपूरला येऊन इथून सुरुवात करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, समृद्धी महामार्गावर दुचाकी नेता येत नाही.)

जामच्या अलीकडे एक ट्रॅक्टर शेजारी आला आणि चालवणारे काका हात हलवून ओरडायला लागले. हेल्मेटमधून नीट ऐकू येईना. वेग कमी केला तेव्हा शब्द कळले, “ओ ताई, जळून राहिलं ना तुमचं!”

उतरून पाहिलं. मागची मोठी बॅग उजवीकडे कलली होती आणि तिला बांधलेली रेनकोटची पिशवी सायलेन्सरला टेकली होती. पिशवीला तळहाताएवढं भोक, आतला रेनकोट वितळून तिच्याच कापडाला चिकटलेला. रबर जळल्यासारखा वास मला आधी आला होता, पण तो पुढच्या ट्रकचा असेल असं मी धरून चालले. काका थांबले, त्यांनी स्वतःची सुती दोरी काढून दिली आणि पैसे विचारल्यावर चक्क रागावले.

चूक अशी झाली होती की घरी बॅग बांधली तेव्हा ती टम्म फुगलेली होती. गाडीच्या हादऱ्यांनी आतले कपडे बसले, बॅग दोन-तीन बोटं खाली आली आणि ताणलेल्या लवचीक (बंजी) दोऱ्या सैल पडल्या. हे प्रत्येक मऊ बॅगेचं होतं. म्हणून निघाल्यावर ३०-४० किलोमीटरवर थांबाच. चहाची इच्छा असो नसो, खाली उतरा, बॅग दोन्ही हातांनी हलवून बघा आणि पुन्हा आवळा. लवचीक दोऱ्यांच्या जोडीला न ताणणारे दोन पट्टे हवेतच. सायलेन्सरच्या बाजूला काहीही लोंबतं बांधू नका. मागच्या चाकात हवा सोबत माणूस बसवल्यावर सांगितलेली असते तेवढी भरा. नुसत्या एकट्याच्या हवेवर वजन लादलं की गाडी वळणावर डुलते.

जामला चंद्रपूरचा रस्ता फुटतो, आपण सरळ हिंगणघाटकडे. वेचणीचे दिवस होते. जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या ट्रॉल्यांमधून कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर फुगला होता आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून वाऱ्यावर हलत होते. एका ठिकाणी सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खी बाभूळ फुललेली दिसली, जवळ गेल्यावर कळलं की सगळा कापूसच. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात विलायतेपर्यंत गेलं होतं. मी तिथं गाडी लावून पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

या ट्रॉल्यांपासून जपा मात्र. चालवणाऱ्याला मागचं काहीच दिसत नाही आणि ट्रॉलीला लाल दिवा असेलच याचा भरवसा नाही. हॉर्न देऊन, पूर्ण उजवीकडची लेन घेऊनच पुढे जा.

वडनेरनंतर वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. पांढरकवड्याला दुसरा थांबा घेतला, पेट्रोल भरलं. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, हा माझा पूर्ण प्रवासाचा नियम. मग पैनगंगेचा पूल आणि पलीकडे तेलंगणा. पाट्या तेलुगूत होतात, बोलणं मात्र लगेच बदलत नाही. आदिलाबादकडे मराठी बोलणारी घरं भरपूर आहेत. जेवायला थांबले तिथल्या काकूंनी गाडीचा नंबर बघून थेट मराठीतच विचारलं, “एकटीच का गं?” भात, पप्पू (तिकडचं वरण) आणि झणझणीत लोणचं. अर्धंच जेवा. नोव्हेंबरातही दुपारी ऊन चढतं आणि भरपेट भातानंतर सरळ रस्त्यावर डोळे मिटायला लागतात. मी जेवून अर्धा तास तिथल्याच बाजेवर बसून काढला.

पुढे नेरेडीगोंडाला कुंटाला धबधब्याचा फाटा लागतो. जायची फार इच्छा होती. पण खाली बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आणि सामानासकट गाडी वर एकटी सोडायची, हे मनाला पटेना. दोघं असाल तर जरूर जा.

निर्मलला तीनच्या सुमारास पोहोचले. महामार्ग गावाबाहेरून जातो, त्यामुळे फाटा बघून आत वळावं लागतं. लवकर थांबल्याचा मोठा फायदा म्हणजे निर्मलची लाकडी खेळणी निवांत बघता आली. पोनिकी नावाचं मऊ लाकूड वापरतात. चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे भरतात, मग रंग. मी एक सीताफळ उचललं आणि हात आपोआप वर गेला, इतकं ते हलकं होतं. डोळे जड फळाची तयारी करून बसलेले असतात ना. ते घेतलंच, टाकीवरच्या बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून ठेवलं.

एकट्या बायकांसाठी लॉजबद्दल थोडं. दिवसाउजेडी पोहोचा म्हणजे खोली बघून नाकारता येते. आतून कडी नीट लागते का ते स्वतः लावून बघा, गाडी आतल्या आवारात लावायला मिळणार का ते पैसे देण्याआधी विचारा, सामान सगळं वर न्या. मी फोनवरचं लाइव्ह लोकेशन बाबांना आणि एका मैत्रिणीला असं दोघांना दिलं होतं, कारण एकाचा फोन बंद पडू शकतो.

चेनला तेल गाडी थांबल्या थांबल्या, चेन कोमट असतानाच दिलं. तेव्हा ते आत चांगलं मुरतं आणि रात्रभरात बसतं. संध्याकाळी समोरच्या भिंतीवर हेडलाइट टाकून पाहिला, तर झोत नेहमीपेक्षा बराच वर. मागे वजन बसलं की पुढचा दिवा आभाळाकडे बघतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्क्रू फिरवून खाली आणला. बॅग या वेळी आडवी बांधायची ठरवली, तंबू खाली आणि कपडे वर. काकांची सुती दोरी सगळ्यात वरून.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं थांबलीस.” उद्या निघाल्यावर थोड्याच वेळात सोनजवळ गोदावरी लागेल. पुलाच्या अलीकडे थांबून दोऱ्या आवळायच्या आहेत.