सैनिकाचे हात

परवा दुपारी झोप येईना म्हणून 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा १९९८चा चित्रपट पुन्हा लावला आणि माझी एक जुनी खोड नव्याने ध्यानात आली: युद्धपट पाहताना माझी नजर सैनिकाच्या चेहऱ्यावरून घसरून त्याच्या हातांवर जाते. दुसऱ्या महायुद्धातली ६ जून १९४४ची सकाळ, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्याकडे निघालेली नौका, आणि चित्रपटाचा नायक कॅप्टन मिलर याच्या हातातली पाण्याची बाटली. चेहरा दगडासारखा, बोटे मात्र थरथरत असतात. किनाऱ्यावर उतरल्यावर सगळे आवाज एकाएकी पाण्याखालून आल्यासारखे बुजतात आणि तो नुसता पाहत राहतो; मग कोणीतरी पुढे काय करायचे म्हणून ओरडून विचारते, तसा तो भानावर येतो. अतिताणात कान असे खरोखरच बंद होतात, नजर आकसते आणि बारीक कामात बोटे दगा देतात. भीती गेलेली नसतेच, तिला फक्त काम मिळालेले असते.

लहानपणी काठ्यांच्या बंदुका करून आम्ही लढाया खेळायचो, तेव्हा वयाने सर्वांत लहान असल्यामुळे पहिल्याच हल्ल्यात मला मरावे लागे. मेल्यावर हलायचे नाही, हा नियम. एकदा असाच गवतात पडलो होतो. धावताना घशाला पडलेली कोरड अजून गेली नव्हती, तोच एक मुंगी मनगटावरून कोपराकडे चढू लागली आणि शत्रू, जय, पराजय सगळे विसरून ती बाहीत शिरते की परत फिरते एवढाच प्रश्न माझ्यापुढे उरला. लढाई केव्हाच दुसरीकडे गेली होती. मला उठवायला कोणी आले नाही.

म्हणूनच असेल, पण मित्र पडला की संताप आणि संगीत चढले की शौर्य, अशा ठरलेल्या पायऱ्या चढणाऱ्या नायकावर माझा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधलाच अपहॅम हा सैनिक मला पटतो. गळ्यात काडतुसांच्या माळा अडकवून तो जिन्यावर खिळून राहतो, वरच्या खोलीत त्याचा सोबती मारला जातो आणि हातातली बंदूक काही उचलली जात नाही. लोक त्याला शिव्या घालतात. मला घालवत नाहीत.

हातांचा विषय निघाला की पहिल्या महायुद्धावरच्या १९३०च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या चित्रपटाचा शेवट आठवतोच. खंदकातला तो कोवळा सैनिक फुलपाखराकडे हात पुढे करतो, गोळीचा आवाज येतो आणि हात सैल पडतो. लढाईच्या मधोमध क्षणभर पुन्हा मूल झालेल्या माणसाचा हात म्हणून मी कित्येक वर्षे त्याच्याकडे पाहत आलो. पुढे कळले की तो हात त्या नटाचा नव्हताच, दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांनी स्वतःचाच हात कॅमेऱ्यापुढे धरला होता. इतकी वर्षे हात पाहून माणूस ओळखणारा मी! पण ते दृश्य परवा त्याच ओघात पुन्हा लावले, तेव्हाही फुलपाखरू दिसताच माझी बोटे आपोआप आखडली.