इस्त्रीवाल्याचं पुढे काय होतं?

हेरपटांत फसवल्या जाणाऱ्या साध्या माणसांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इंदुरात हेरपटांवर गप्पा सुरू झाल्या की पोह्यांच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत हा प्रश्न येतोच: "देशासाठी एखाद्या साध्या माणसाला फसवलं, तर त्यात बिघडलं काय?"

बिघडतं. किती, ते कसं फसवलं त्यावर ठरतं, म्हणून आधी ती रीत बघू. हेरणं, जोखणं, सलगी वाढवणं, मागणी करणं, वापरत राहणं आणि शेवटी सोडून देणं, असा तो साधारण क्रम. समजा गोष्ट आपल्या महूत घडतेय आणि सावज आहे छावणीतले गणवेश इस्त्री करणारा. त्याला युद्धातलं काही कळत नाही. पण एका तुकडीचे सगळे कपडे घाईने मागवले गेले आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा गठ्ठा आलाच नाही, एवढं त्याच्या लक्षात येतं. तेवढं पुरतं. गिऱ्हाईक बनून आलेला हेर आधी नुसते शर्ट टाकतो, सुटे पैसे परत घेत नाही, मुलीच्या फीची चौकशी करतो. मग एक दिवस सहज विचारतो, "हल्ली काम कमी दिसतंय?" पुढे कधीतरी अशाच एका उत्तराचे शंभर रुपये मिळतात आणि हिशेबासाठी म्हणून एका कागदावर सही घेतली जाते. माणूस अडकतो तो त्या सहीत. कच्चा पटकथाकार दुसऱ्याच भेटीत नकाशा मागतो. खऱ्या आयुष्यात इस्त्रीवाला बिचकून सरळ ठाण्यात गेला असता.

माणूस वळवायच्या चार दोऱ्या सांगतात: पैसा, विचार, धाक, अहंकार. पैशाला भुललेल्याचा त्या पापात थोडा तरी वाटा असतो. मला खटकते ती या यादीत नसलेली पाचवी दोरी, चांगुलपणाची. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या १९६५च्या चित्रपटातल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या नॅनला कुणी खोटं बोलायला लावत नाही. ती पूर्व जर्मनीतल्या चौकशीत खरं तेच सांगते, आणि लंडनच्या हेरखात्यातल्या साहेबांना नेमकं तेच हवं असतं. तिचा प्रामाणिकपणाच हत्यार झाला, हे तिला कळतं तेव्हा बर्लिनची भिंत ओलांडायची वेळ झालेली असते.

आणि हे सिनेमातच घडतं असं समजू नका. हेरप्रमुख मार्कुस वोल्फच्या काळात पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, बॉनमधल्या, एकट्या राहणाऱ्या सेक्रेटरींच्या मागे प्रियकर लावून दिले होते. अशाच जाळ्यात अडकलेल्या नाटोच्या एका दुभाषी बाईला वाटत होतं, आपले कागद डेन्मार्कला जातायत. तिने चर्चमध्ये कबुलीजबाब द्यायचा हट्ट धरला, तर तिच्यासाठी पाद्रीही नकली आणला!

या फसवणुकीचा हिशेब टाळायच्या पटकथाकारांच्या युक्त्याही ठरलेल्या. सावज मुळातच नालायक निघतं, म्हणजे आपल्याला वाईट वाटायला नको. किंवा ते वेळेवर मरतं. किंवा नायकाच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि फसवलेल्याचं दुःख फसवणाऱ्याच्या नावावर जमा होतं. 'राझी'ने (२०१८) पहिली पळवाट घेतली नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. हेर नायिकेने फसवलेला इक्बाल शेवटपर्यंत भला नवरा राहतो. पण मरतो तोही.

या बाबतीत आपलं जुनं संस्कृत नाटक 'मुद्राराक्षस' मला अजून सरस वाटतं. चाणक्याचा हेर यमाची चित्रं काढलेला पट घेऊन गाणी म्हणत चंदनदास सराफाच्या घरी शिरतो. आतून पाच वर्षांचं एक पोर कुतूहलाने बाहेर डोकावतं, बाई घाईघाईने त्याला मागे ओढते आणि तिच्या बोटातली राक्षसाच्या नावाची सैल अंगठी निसटून घरंगळत हेराच्या पायाशी येते. राक्षस म्हणजे चाणक्याचा प्रतिस्पर्धी, नंदांचा अमात्य; त्याचं कुटुंब कुठे लपलंय ते फुटतं, ते असं. चंदनदास मित्राचं कुटुंब द्यायला नकार देतो, म्हणून त्याला सुळाकडे नेतात. बायको-मुलगा सोबत चालतात. त्याला नेणारे चांडाळ म्हणजे वेषांतर केलेले चाणक्याचेच हेर. सगळा बनाव राक्षसाने धावत यावं म्हणून. म्हणजे चंदनदासाला प्रत्यक्षात मारायचं होतं की नाही, कोण जाणे. पण त्या वाटेवरची भीती बनावट नव्हती. तुमच्याशिवाय मी काय करू, असं मुलगा विचारतो, तेव्हा बाप सांगतो की जिथे चाणक्य नसेल अशा देशात जाऊन राहा.

थोड्याच वेळात त्याच चाणक्याच्या हुकुमाने चंदनदास सगळ्या नगरांचा श्रेष्ठी होतो. आमचा महूचा इस्त्रीवाला मात्र मध्यंतरानंतर पडद्यावर दिसतही नाही.