अकिहाबारातल्या फळीवरचं युद्ध

क्योटोतली देवळं आणि त्यांच्या पायऱ्यांवरची गर्दी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी थेट टोकियोच्या अकिहाबाराला येतो. जपानमध्ये माझा जीव रमला तो तिथल्या जुन्या गेमिंगच्या एका दुकानात. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरू लागलं की आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. त्यात निम्मे लोक मोबाइल डोक्यावर धरून व्हिडिओ काढणारे. वर पोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं.

वर एकाच फळीवर टीव्हीला जोडून गेम खेळायची तीन यंत्रं: सेगाचं सॅटर्न, सोनीचं प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४. नव्वदच्या दशकात एकमेकांचा गळा धरणारी ही तीन यंत्रं किमतीच्या चिठ्ठ्या लावून शेजारी-शेजारी बसली होती. गंमत म्हणजे दहा कोटींहून जास्त खपलेलं प्लेस्टेशन तिथे सगळ्यांत स्वस्त. खाली टोपलीत वायरी गुंडाळलेल्या त्याच्या कंट्रोलरचा ढीग पडला होता. कुलूपबंद काचेमागे मान मिळाला होता तो निन्टेन्डोच्याच व्हर्च्युअल बॉयला! १९९५ साली आलेलं, काळ्यावर फक्त लाल चित्र दाखवणारं हे यंत्र वर्षभरही बाजारात टिकलं नाही. जे खपलं ते ढिगात, जे आपटलं ते काचेत.

त्या फळीपुढून मी बराच वेळ हललो नाही. प्लेस्टेशन जन्मलं तेच एका अपमानातून. सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या तेव्हाच्या यंत्राला सीडी जोडायचं सोनी आणि निन्टेन्डोचं ठरलं होतं. १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने तशी घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केलं, की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. सोनीतले अभियंते केन कुतारागी यांनी हट्ट धरला, की यंत्र आता आपलं आपणच काढू. डिसेंबर १९९४ मध्ये ते जपानच्या बाजारात आलं, ३९,८०० येनला. सॅटर्न त्याआधी काही दिवसच आलं होतं, ४४,८०० येनला.

पुढच्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने सांगितलं, की सॅटर्न अमेरिकेत आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते भडकले. मग सोनीचा माणूस मंचावर आला, '२९९' एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. भाषणं ठोकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग एकदा दाखवायला हवा.

निन्टेन्डो ६४ मात्र कार्ट्रिजला, म्हणजे चिप असलेल्या प्लास्टिकच्या डबीला, चिकटून राहिलं. कार्ट्रिजमधला गेम चटकन सुरू होतो, पण ती बनवायला महाग आणि तिच्यात मावतं कमी. १९९७ चा फायनल फँटसी ७ हा गेम तीन सीड्यांवर आला, तो प्लेस्टेशनवर. त्याआधीचे सहाही निन्टेन्डोच्या यंत्रांवर आले होते. माझ्या मते खरी लढाई तिथेच फिरली, किमतीवर नव्हे. लोक यंत्र घेतात ते गेमसाठी.

एक्सबॉक्सचा कोपरा अगदी खाली, गुडघे टेकल्याशिवाय न दिसणारा. मायक्रोसॉफ्टचा पहिला कंट्रोलर एवढा अवजड होता, की जपानसाठी लहान आवृत्ती काढावी लागली. तरी तिकडे ते यंत्र कधी रुजलं नाही. मी तो अवजड कंट्रोलर हातात घेऊन पाहिला. माझ्या अंगठ्यांचीही कसरतच झाली.

क्योटोजवळ उजीला निन्टेन्डोचं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलंय, तिकीट सोडतीने मिळतं. मांडणी देखणी. पण शेजाऱ्यांची भांडणं घरच्या अल्बममध्ये कुणी चिकटवत नाही. ती पाहायची तर हा जिनाच चढायला हवा.

खाली उतरून समोरच्या मोठ्या दुकानात गेलो, तर तिथे आजची लढाई चालू. निन्टेन्डोचं नवं यंत्र स्विच २ जून २०२५ मध्ये आलं, तेव्हा जपानमध्ये त्याची फक्त जपानी भाषेची आवृत्ती ४९,९८० येनला होती आणि अनेक भाषांची, निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच मिळणारी, ६९,९८० ला. घरचं गिऱ्हाईक धरून ठेवायचं, पण बाहेरच्यांनी स्वस्तात उचलून न्यायचं नाही, असा हा बंदोबस्त. मित्राने 'स्वस्तवालं आण' म्हणून बजावलं होतं. त्याला फोन करून सांगितलं, की त्यात भाषा बदलता येत नाही आणि खातंही जपानचंच लागतं. तो म्हणाला, "मग जपानी शिकतो." वीस हजार येन वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतो.