रिमोट हरवलेला प्लेअर

कराडला एस.टी. स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या कॅसेटी डिस्कवर उतरवायचं काम आता जवळजवळ बंद पडलंय, पण डीव्हीडी रायटर मी अजून मोडीत काढलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात पाटणकडच्या एका आजोबांनी त्याला दिवसभर राबवलं.

हातात एक डिस्क, खिशात पेनड्राइव्ह. नातवाचं लग्न न्यू जर्सीत झालेलं. त्यानं लिंक पाठवली, शेजारच्या पोरानं फाइल उतरवून घेतली आणि कुठल्याशा दुकानातून डिस्क करून आणली. "लागतीया, पन समदं काळंपांढरं दिसतंय," आजोबा म्हणाले. "शालू हिरवा का लाल, म्हातारीला कळंना झालंय."

दुकानातल्या एलसीडीवर लावली तर रंग झकास. शालू हिरवा होता. डिस्कची माहिती उघडली आणि घोळ लक्षात आला: ७२० बाय ४८० पिक्सेल, सेकंदाला २९.९७ फ्रेम. म्हणजे एनटीएससी, टीव्हीवर चित्र दाखवायची अमेरिकेची पद्धत. फाइल तिकडची, कन्व्हर्टरनं आपणहून तीच पद्धत धरली आणि दुकानदारानं ‘ओके’ दाबलं. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल नावाच्या दुसऱ्या पद्धतीत: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काही टीव्हींना एनटीएससीचं चित्र कळतं, रंग कळत नाही.

"आजोबा, प्लेअरच्या सेटिंगमध्ये पॅल करून बघू. रिमोट आहे ना?"

"रिमोट कवाच गेला. पुढचं बटान दाबतो, चालू हुतंय."

इथे कामाचं स्वरूपच बदललं. रिमोट नाही म्हणजे मेनू नको, कारण त्यात वरखाली करणार कशानं? रुंद चित्र चौकोनी पडद्यावर कसं बसवायचं हेही प्लेअरवर सोडून चालणार नव्हतं. तो कडा कापायच्या सेटिंगवर अडकलेला असला तर दोन्हीकडचे पाहुणे गायब. म्हणून मीच वरखाली काळ्या पट्ट्या टाकून चित्र ४:३ च्या चौकटीत बसवलं. ट्यूबचा टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र खातो, तेवढी जागाही सोडली.

मग आवाज. जुन्या डिस्कवर सुरुवात ठीक होती, पण मंगलाष्टकांपर्यंत अक्षता आधी पडत आणि "सावधान" मागून येई. शूटिंग मोबाइलवरचं. मोबाइल उजेड बघून फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, कन्व्हर्टर तो एकसारखाच समजतो, आणि तफावत साठत जाते. तुकडा तुकडा आवाज सरकवत बसण्यात अर्थ नसतो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून पूर्ण फाइल स्थिर वेगाची करून घेतली, मगच एमपीईजी-२ ला, म्हणजे डीव्हीडीला लागणाऱ्या स्वरूपाला, हात लावला. ३० च्या २५ करताना फ्रेम गळतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित अडखळतं. ते मी चालवून घेतलं.

फाइल दोन तास दहा मिनिटांची. ४.७ जीबीच्या डिस्कवर एवढा वेळ बसवायचा तर सेकंदाला सगळं मिळून ४.८ मेगाबिटच्या आतबाहेर मिळतात. आवाजाला १९२ किलोबिट दिले, थोडी जागा राखली आणि चित्राला ४.४ ठेवले. डीव्हीडीत चित्राची कमाल ९.८ मेगाबिटची आहे खरी, पण तासाभराच्या आतलं काम असेल तरच ती चैन परवडते.

आजोबा बाकावर बसून होते. चहा झाला, मी जेवून आलो, ते जागचे हलले नाहीत. मध्येच म्हणाले, "फेरं परत बघायचं म्हटलं तर पयल्यापासनं बघाय लागतंय का रं?" विचारलं ते बरं झालं. प्लेअरच्या तोंडावर ‘पुढे’चं बटण होतं म्हणे. मग अंतरपाट, सप्तपदी, सूनमुख, जेवणावळ अशा जागी चॅप्टर टाकले आणि कितव्यांदा दाबल्यावर काय येईल ते कागदावर लिहून दिलं. डिस्क चार एक्सच्या वेगानं लिहिली. जुन्या लेन्सला सावकाश लिहिलेली डिस्क बरी वाचता येते, असा माझा तरी अनुभव आहे. कागदी स्टिकर लावलं नाही. तोल जातो, शिवाय सुटून आत अडकलं तर प्लेअरच उघडावा लागतो.

रात्री त्यांचा फोन आला. रंग दिसत होता. आजींना एकच तक्रार होती: सूनबाईंनी नथ घातली नाही.

पुढच्या आठवड्यात ते शेजाऱ्याला घेऊन आले. त्याच्या प्लेअरला यूएसबी होतं, रिमोट होता, टीव्हीही नवा. पेनड्राइव्हवर फुकट टाकून देतो म्हटलं, तर ऐकेना. त्यालाही डिस्कच हवी होती, आणि असाच कागद.